बदललेल्या बंदुकीचा दाखला
(बीदर व कलबुर्गी सीमाभागातील जुन्या लष्करी बंदुकांचे संकलन व परीक्षण या विषयावरील भाषण)



बीदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांत तोफा पाहावयाच्या तर कोणास फारशी शोधाशोध करावी लागत नाही. बीदरच्या किल्ल्याच्या बुरुजांवर त्या आजही आहेत, आणि कलबुर्गीच्या किल्ल्यातील सुमारे २९ फूट लांबीची बारा गझी तोफ दूरच्या प्रवाशांनाही ऐकून ठाऊक असते. तोफ जड असते, ती जागची हलत नाही, म्हणून ती टिकते. बंदुकीचे तसे नाही. ती हातोहाती फिरते, वाटणीत जाते, गहाण पडते, लोहाराच्या भात्यापुढे येते आणि अखेरीस एखाद्या माळ्यावर वा कणगीमागे विसावते. तेथून तिचा पुढचा मुक्काम बहुधा भंगाराच्या तराजूत होतो. औराद, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या तालुक्यांतील आणि सीमेपलीकडील उदगीर, देवणी, निलंगा, उमरगा या भागांतील जुन्या घराण्यांच्या बाबतीत हा धोका आज सर्वांत मोठा आहे. कारण ज्यांना त्या बंदुकीची हकीकत ठाऊक आहे ती पिढी थकत चालली आहे.

जुन्या वस्तूंचा बाजार ‘मूळ स्थितीतील’ शस्त्रास मान देतो. जिची कळ बदलली, नळी आखूड केली, दस्ता नवा बसविला, ती बंदूक ‘बिघडलेली’ म्हणून बाजूस टाकली जाते. सीमाभागापुरता तरी हा निकष बदलावयास हवा. येथे न बदललेली बंदूक क्वचितच आढळावी, असाच या भूमीचा इतिहास आहे. राज्ये बदलली तशी शस्त्रे बदलली. बंदुकीवरील प्रत्येक दुरुस्ती ही तिच्या आयुष्यातील एकेक नोंद होय. ती नोंद पुसली तर उरते ते केवळ जुने लोखंड.

सैन्यांच्या वाटेवरचा प्रदेश

हा प्रदेश दख्खनच्या सत्तांच्या सरहद्दीवर शतकानुशतके राहिला. बहमनी राजधानी प्रथम कलबुर्गीस व नंतर बीदरला होती. पुढे बरीदशाही, आदिलशाही, मोगल, निजाम आणि मराठे यांची सैन्ये या वाटेने गेली आली. १६५७ मध्ये औरंगजेबाने बीदरचा किल्ला घेतला. अठराव्या शतकात बुसी या फ्रेंच सेनानीच्या प्रभावामुळे कवायती पायदळाचे महत्त्व दख्खनेत वाढले. अशा पायदळाच्या शिपायांस ‘गारदी’ म्हणत, आणि त्यांच्या हाती युरोपीय घडणीची चकमकीची बंदूक असे. १७६० मध्ये उदगीर येथे सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला, तेव्हा इब्राहिमखान गारद्याचे कवायती पायदळ व तोफखाना मराठ्यांच्या बाजूस होता. १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत दोन्ही पक्षांकडे फ्रेंच पद्धतीच्या पलटणी होत्या. त्याच वर्षी निजामपुत्र अलीजाह याने बंड करून बीदर गाठले, तेव्हा त्याच्या पाठलागावर रेमंड या फ्रेंच सरदारास पाठविण्यात आले. १७९८ मध्ये रेमंडचा मृत्यू झाल्यावर इंग्रजांनी त्याच्या पलटणी निःशस्त्र करून मोडून टाकल्या.

पलटण मोडली म्हणजे शिपाई घरी जातो. पण प्रत्येक बंदूक कोठीत परत येतेच असे नाही. पुढे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील हैदराबाद कंटिंजंट फौजेची ठाणी हिंगोली, लिंगसुगूर आदी ठिकाणी होती; ही फौज १९०३ मध्ये भारतीय सैन्यात विलीन झाली. अशा प्रकारे फ्रेंच, इंग्रज आणि देशी अशा तिन्ही घडणींची शस्त्रे या एकाच टापूत मिसळली, हे लक्षात ठेवावे.

कळीच्या तीन पिढ्या

बंदूक ओळखावयाची तर प्रथम तिची कळ ओळखावी. ठासणीच्या बंदुकीत दारू व गोळी तोंडाकडून भरून गजाने ठासतात. ती दारू पेटविण्याची युक्ती कोणती, यावरून तीन पिढ्या पडतात.

पहिली पिढी तोड्याच्या बंदुकीची. तीत पेटती जामगी रंजकावर टेकविली जाते. देशी तोडेदार बंदुकीची नळी लांब असते, दस्ता अरुंद असतो आणि नळी दस्त्यास पितळी पट्ट्यांनी वा चामड्याच्या वादीने जखडलेली असते.

दुसरी पिढी चकमकीची. घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा बसवितात. चाप ओढताच गार पोलादी पत्र्यावर घासते, ठिणगी वाटीतील रंजकावर पडते आणि आग कानातून नळीत शिरते. अठराव्या शतकातील बहुतेक लष्करी बंदुका याच जातीच्या होत.

तिसरी पिढी टोपीची, म्हणजेच केपाची. फोर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या द्रव्याच्या उपयोगाचे एकस्व मिळविले. त्यातूनच पुढे तांब्याची टोपी आली. १८३९ च्या सुमारास इंग्रज सैन्याने ही पद्धत स्वीकारली. टोपी पावसात भिजली तरी सहसा दगा देत नसे, त्यामुळे गारेची बंदूक मागे पडली.

एकदम सर्व शस्त्रे टाकून देणे कोणत्याच सरकारास परवडत नसते. त्यामुळे हजारो चकमकीच्या बंदुकांवर टोपीची कळ बसविण्यात आली. बदल हा केवळ खेड्यातील लोहाराचा उद्योग नव्हता. तो सरकारी कारखान्यांचाही उद्योग होता. १८६६ पासून इंग्रजांनी एन्फील्डच्या ठासणीच्या रायफलींचा मागील भाग कापून त्या स्नायडर पद्धतीच्या, मागून काडतूस भरण्याच्या केल्या, हे त्याचेच पुढचे उदाहरण होय.

काही बदलांमागे राजकारणही होते. १८५७ च्या उठावानंतर देशी शिपायांच्या हाती गोऱ्या शिपायांइतके अचूक शस्त्र असू नये असे धोरण ठरले. एन्फील्ड रायफलीच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच असून आत पीळदार चर असत. देशी पलटणींसाठी त्याच बाह्य घडणीच्या, परंतु आतून गुळगुळीत आणि ०.६५६ इंच व्यासाच्या बंदुका देण्यात आल्या. बाहेरून दोन्ही सारख्या दिसतात. राज्यकर्त्यांचा अविश्वास नळीच्या आत डोकावल्यावरच दिसतो.

सामान्य माणसाच्या शस्त्रावरही त्याच काळात बंधन आले. १८५७ च्या अखेरीस मुधोळ संस्थानातील हलगली गावच्या बेडरांनी शस्त्रे जमा करण्याच्या हुकमास विरोध केला. इंग्रज फौजेने गाव दडपून काहींना फाशी दिले. १८५८ मध्ये सुरपूरच्या वेंकटप्पा नायकाचा उठाव झाला. ते सुरपूर पूर्वी कलबुर्गी जिल्ह्यात होते व आज यादगीर जिल्ह्यात आहे. शस्त्र हे उपजीविकेचे, मानाचे आणि संरक्षणाचे साधन असलेल्या समाजांनी ते लपविले, आखूड केले, शिकारीची बंदूक म्हणून दाखविले, तर नवल नाही.

एका बंदुकीचे वाचन

समजा, एखाद्या वाड्यात एक बंदूक मिळाली. दस्त्याच्या टोकास पितळी पत्रा आहे. नळी दस्त्यास कड्यांनी नव्हे, तर आडव्या खिळ्यांनी बसविली आहे. कळीच्या लोखंडी पट्टीवर अस्पष्ट मुकुट आणि लंडनच्या शस्त्रागाराचे ‘टॉवर’ हे नाव दिसते. एवढ्यावरून ती इंग्रजी ‘ब्राउन बेस’ जातीची असावी असा प्राथमिक तर्क करता येतो. फ्रेंच शार्लव्हिल बंदुकीची नळी सामान्यतः तीन कड्यांनी जखडलेली असते आणि तिचा व्यास सुमारे १७.५ मिलिमीटर असतो; इंग्रजी बंदुकीचा सुमारे १९ मिलिमीटर. मुकुटाऐवजी चार भागांचे हृदयाकृती चिन्ह वा मागील पायांवर उभा सिंह असेल, तर ती ईस्ट इंडिया कंपनीच्या मालकीची होती असे समजावे. यांपैकी हृदयाकृती चिन्ह आधीचे, सिंह एकोणिसाव्या शतकातील.

आता पुढे पाहावे. पट्टीवर रंजकाची वाटी नाही. तिच्या जागी अर्धचंद्राकृती खाच बुजविलेली दिसते. स्प्रिंगच्या स्क्रूची जुनी भोके लोखंडाने भरली आहेत. नळीच्या कानात एक लहान पिंप बसवून त्यावर टोपीची पोकळ बोंडी आहे. याचा अर्थ चकमकीची बंदूक टोपीची झाली. काम सफाईचे व शिक्क्याचे असेल तर ते कारखान्यातील. कानशीचे ओरखडे स्पष्ट असतील तर ते बहुधा स्थानिक लोहाराचे.

नंतर नळी मोजावी. कंपनीच्या पसंतीच्या ‘इंडिया पॅटर्न’ बंदुकीची नळी ३९ इंच असते. ही भरते ३० इंच. संगीन अडकविण्याचा खुंट, जो माशीचेही काम करतो, तो नळीच्या तोंडाजवळ नाही. त्याऐवजी पितळी मणी झाळून माशी केली आहे. म्हणजे संगीन लावून लढण्याचे दिवस संपले आणि रानडुकरापासून पीक राखण्याचे दिवस आले. दस्ता मनगटापाशी मोडला होता. त्यावर ओले कातडे गुंडाळून शिवले आणि ते वाळून आवळले गेले. पितळी पत्र्यावर फारशी वा देवनागरी आकडे ठोकलेले असतील, तर ती कोण्या संस्थानाच्या वा जहागीरदाराच्या शस्त्रकोठीत असण्याचा संभव आहे.

शेवटी घरातील वृद्ध सांगतात की, १९४८ मध्ये रझाकारांच्या भयाने गावात रात्रीचा पहारा बसला, तेव्हा हीच ‘भरमार’ वेशीवर होती. गोरटा येथील हत्याकांड त्याच वर्षीचे आणि भारतीय सैन्याची कारवाई १३ ते १७ सप्टेंबरची. अशा वेळी एका नळीत लंडन, कंपनीची पलटण, संस्थानची कोठी, शेताचा माळा आणि हैदराबाद मुक्तिसंग्राम हे सारे एकत्र येते. बाजारात ‘बिघडलेली’ ठरणारी ही बंदूक जिल्ह्याच्या इतिहासास मात्र अमोल आहे. तथापि वृद्धांचे कथन व लोखंडावरील पुरावा या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे लिहाव्यात. कथनाची भर पुराव्यात घालू नये आणि पुरावा मिळाला नाही म्हणून कथन टाकूनही देऊ नये.

प्रथम जीव, मग इतिहास

या सर्वांआधी पाळावयाचा एक नियम आहे. ठासणीची प्रत्येक बंदूक भरलेली आहे असेच समजावे. ती आणीबाणीसाठी भरून ठेवण्याची जुनी रीत होती, आणि काळी दारू कोरडी राहिली तर अनेक दशकांनंतरही पेटते. दारूची किंमत बीदरला तरी सांगावयास नको. १६५७ च्या वेढ्यात दारूच्या भडक्यातच किल्लेदार सिदी मर्जान होरपळला. महमूद गावानाच्या मदरशाची पडझड औरंगजेबाच्या काळात दारूच्या स्फोटाने झाली असे सांगितले जाते.

यास्तव बंदुकीच्या तोंडासमोर कोणी उभे राहू नये. घोडा ओढून पाहू नये, टोपी लावू नये, नळी विस्तवाजवळ नेऊ नये. ती तापविणे, ठोकणे वा तीवर झाळकाम करणे म्हणजे मृत्यूस निमंत्रण होय. जाणकार मनुष्य लाकडी काठी नळीत हलकेच सोडून आतील खोली व बाहेरील लांबी ताडून पाहतो. चार बोटांचे अंतर पडले तर आत काहीतरी आहे. ही परीक्षा घरच्यांनी करू नये. मुलांच्या हाती तर बंदूक कधीही देऊ नये.

खरे, खोटे आणि ‘सुधारलेले’

संग्राहकांच्या मागणीमुळे उलटा बदलही केला जातो. टोपीची झालेली बंदूक पुन्हा चकमकीची करून अधिक किमतीस विकली जाते. अशा वेळी नवा घोडा व पत्रा गुळगुळीत दिसतात, तर शेजारचे लोखंड खड्ड्याखड्ड्यांचे असते. कानाभोवती आगीने झिजल्याची खूण नसते. पर्यटकांसाठी वा नाट्यप्रयोगासाठी बनविलेल्या नव्या प्रतिकृतींवरही मुकुट व ‘टॉवर’ ही अक्षरे कोरलेली असतात. तेव्हा केवळ अक्षरांवर विसंबू नये. लोखंड, लाकूड, पितळ आणि झीज ही चारही एकमेकांशी जुळतात का ते पाहावे.

बीदरकरांनी आणखी एक भेद जाणावा. लोखंडी नळीवर चांदीच्या तारेचे नक्षीकाम दिसले की त्यास ‘बिदरी’ म्हणण्याचा मोह होतो. बिदरीकाम हे जस्त व तांब्याच्या मिश्रधातूवर होते आणि किल्ल्यातील मातीच्या योगाने काळे केले जाते. लोखंडावर ठोकून बसविलेले काम ते कोफ्तगारी. दोन्ही सुंदर आहेत; पण नोंदीत त्यांची गल्लत होऊ नये.

जतन

जुनी बंदूक चकचकीत करणे म्हणजे तिचा दाखला फाडणे होय. वीटपूड, राख, चिंच, लिंबू वा काचकागद यांनी घासल्यास शतकाचे शिक्के एका दुपारीत नाहीसे होतात. लाकडास वॉर्निश लावू नये, तुटका भाग नव्याने जोडू नये, सुटा स्क्रूदेखील टाकून देऊ नये. कोरड्या मऊ कापडाने धूळ पुसावी आणि ओल नसलेल्या जागी ठेवावे. खंडेनवमीस शस्त्रपूजा करणे ही घराघरांतील श्रद्धेची बाब आहे. मात्र पाणी व ओले हळद-कुंकू लोखंडास गंज आणतात. ते शेजारी ठेवलेल्या ताम्हनात वाहिले तर पूजाही होते आणि शस्त्रही राहते.

कायद्याची बाजू

पुष्कळ लोक बंदूक दडवितात ती पोलिसांच्या भयाने. ते भय अज्ञानातून येते, आणि त्यापायीच बंदूक विहिरीत वा भंगारात जाते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये बंदूक बाळगण्यास परवाना लागतो. तथापि जे शस्त्र कालबाह्य घडणीचे, पुरातन मोलाचे वा नादुरुस्त आहे आणि दुरुस्तीनंतरही अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नाही, त्यास कलम ४५ अन्वये हा अधिनियम लागू होत नाही. २०२० मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन ‘क्युरिओ’ या वर्गातील लहान शस्त्रे भारतीय नागरिकास बाळगण्यापुरता परवाना आवश्यक राहिला नाही. ती वापरण्यास वा वाहून नेण्यास मात्र योग्य तो परवाना लागतो.

आपली बंदूक कोणत्या वर्गात बसते हे मालकाने स्वतः ठरवू नये. ती खांद्यावर टाकून किंवा बसमधून पोलीस ठाण्यात नेऊही नये. प्रथम लेखी अर्जाने जिल्हाधिकारी वा पोलीस ठाण्यास कळवावे, अर्जाची पोच घ्यावी व पाहणीची विनंती करावी. नळी आखूड करण्यासही कायद्याने परवाना लागतो. पूर्वजांनी केलेला बदल हा इतिहास, आज आपण केलेला बदल हा गुन्हा ठरू शकतो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमाच्या कक्षेत येते, आणि ती परदेशी पाठविण्यास खासगी व्यक्तीस मनाई आहे.

कोणी काय करावे

ग्रामस्थांनी वस्तू जागेवरच ठेवावी, विकण्याची घाई करू नये आणि घरातील वृद्धांकडून तिची हकीकत आजच लिहून घ्यावी.

शिक्षकांनी बंदूक शाळेत आणू नये. हकीकत शाळेत आणावी. गावाचे नाव, घराण्यात ती कशी आली, शेवटची केव्हा वापरली, दुरुस्ती कोणी केली, हे प्रश्न विद्यार्थी मराठी, कन्नड, उर्दू अशा ज्या भाषेत वृद्ध बोलतील त्या भाषेत विचारू शकतात. पाहणी झाल्यावर मोजपट्टी शेजारी ठेवून दोन्ही बाजूंची, कळीची व शिक्क्यांची छायाचित्रे घ्यावीत. मापे सेंटिमीटरमध्ये लिहावीत आणि जे दिसते तेच लिहावे. ‘शिवकालीन’ वा ‘टिपूची’ असे शब्द पुराव्यावाचून वापरू नयेत.

अधिकाऱ्यांकडून अपेक्षा दोन आहेत. स्वतःहून कळविणाऱ्या कुटुंबास संशयिताची वागणूक मिळू नये, ही पहिली. जमा झालेले जुने शस्त्र नष्ट करण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याचे मत घेतले जावे, ही दुसरी. बीदर किल्ल्यातील शाही हमामखान्यातील संग्रह, कलबुर्गीचे शासकीय वस्तुसंग्रहालय, हैदराबादचे सालारजंग संग्रहालय, पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय अशा संस्था जवळपास आहेत. केळकरांचा संग्रह एका माणसाने घरोघरी फिरून जमविला आणि १९६२ मध्ये महाराष्ट्र शासनास अर्पण केला. लोकांनी माळ्यावरच्या वस्तू दाखविल्या नसत्या तर तो उभा राहिला नसता.

सीमा आखली गेली ती १९५६ मध्ये. बंदुका तिच्या कितीतरी आधीच्या आहेत. एकाच पलटणीची एक बंदूक आज भालकीत आणि दुसरी उदगीरला निघू शकते. म्हणून नोंदीचा नमुना दोन्ही बाजूंस एकच असावा आणि त्या एकमेकांस पाहावयास मिळाव्यात. त्यासाठी मोठा खर्च नको. एक वही, एक मोजपट्टी आणि घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसण्यास एक संध्याकाळ एवढे पुरेसे आहे. लोखंड गंजत राहील, तेही जपता येईल. परंतु त्याची हकीकत सांगणारा माणूस गेला, तर ती कोणत्याही संग्रहालयास परत मिळविता येणार नाही.